राजेश्वरीचं प्रस्थान

“ही गाडी कुणाची आहे?”

राजेश्वरीचा आवाज एवढा चढला, की समोरच्या दुकानात बांगड्या भरून घेणारी बाई हात तसाच अधांतरी ठेवून रस्त्याकडे बघू लागली. सप्टेंबर संपत आला होता, परतीच्या पावसाने बारीक धार धरली होती, आणि नव्या पेठेतल्या वडिलांच्या कापडदुकानासमोर राजेश्वरी आपल्या व्हीलचेअरवर भिजत बसली होती. दुकानाच्या पायऱ्यांना लागून तिच्यासाठी सिमेंटचा उतार बांधलेला होता, आणि नेमकं त्याच उतारावर पुढचं चाक चढवून कुणीतरी एक लांबलचक निळी गाडी उभी केली होती. नव्या पेठेत सुई टाकायला जागा नसते, हे मान्य. पण म्हणून माणसाने दुसऱ्याच्या दारात गाडी चढवायची?

दुकानातले नोकर “ताई, उचलून घेऊ का?” म्हणत पुढे आले आणि तिची नजर बघून आल्या पावली मागे गेले. उचललेलं तिला खपत नसे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका टँकरने तिच्या स्कूटरला धडक दिली, आणि कमरेखालचं बळ गेलं ते गेलंच. तेव्हापासून जो तो तिला उचलायला टपलेला. हात मात्र तिचे दणकट होते, आणि जीभ त्याहून.

“आलो, आलो, आलो!” गर्दीतून एक उंच तरुण धावत आला. डोक्यावर पडद्याच्या कापडाचा गठ्ठा छत्रीसारखा धरलेला. “दोन मिंटं लावली व्हती ओ ताई. कापड घ्यायला गेल्तो.”

“माझ्या रस्त्यावर लावलीत.”

“रस्ता? हितं कुटं रस्ता—” त्याने वाकून चाकाखाली पाहिलं. उतार दिसला. मग खुर्ची दिसली. त्याचा चेहरा असा काही पडला, की राजेश्वरीचा निम्मा राग तिथेच वाया गेला. “आय्यो... लई चुकलं की वो माजं.”

“ते दिसतंय. आणि कापड घेतलंत कुठून?”

“समोरनं.”

“म्हणजे गाडी आमच्या दारात आणि गिऱ्हाईक समोरच्यांचं!”

“आता काय सांगू...” त्याने मान खाजवली. “तुमचं दुकान माज्याच गाडीमागं झाकलं गेल्तं.”

तिला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तिने ओढणीने तोंड पुसलं. तो गाडीत चढला, गाडी मागे घेऊ लागला, आणि बाजूच्या खिडकीचा अर्धवट पडदा हलला. आत तिला जे दिसलं ते बघून ती उतारावर चढायचंच विसरली. आत पलंग होता. शेगडी होती. भांडी घासायला लहानसं बेसिन होतं, आणि खुंटीला लटकवलेली चहाची किटली.

“ओ! थांबा. हे काय आहे आत?”

“घर हाय,” तो खिडकीतून म्हणाला. “चाकावरचं. जुनी ट्रॅव्हलर घेतली, शिटा काढल्या, मीच बांदलंय सगळं. मी गुरुशांत, कुंभारीचा. लोकं तिरुपतीला, गोव्याला नेत्यात. राहायचं-खायचं गाडीतच.”

“कन्याकुमारीला जाते?”

“रस्ता आसंल तितं जाती की.”

“आणि ही खुर्ची आत जाते?”

गुरुशांतने गाडीच्या दाराकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. राजेश्वरी ओठ घट्ट मिटून वाट बघत होती... आता म्हणेल, उचलून घेऊ की त्यात काय. सगळे म्हणतात.

“आज तरी न्हाय जात,” तो म्हणाला.

आज तरी! पावसात भिजत, मागे रिक्षांचे हॉर्न कोकलत असताना, तिने त्याचा नंबर मागून घेतला.

आता कन्याकुमारीच का, असं कुणी विचारलं तर राजेश्वरीकडे धड उत्तर नव्हतं. चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं ती कॉम्प्युटरवर काढायची. तिने काढलेल्या लाटा, मासे आणि मोर गावोगावच्या पलंगांवर जाऊन पोचले होते, आणि ती स्वतः पुण्याच्या इस्पितळापलीकडे कुठे गेली नव्हती. जिथे जमीन संपते तिथपर्यंत एकदा जायचं, आपल्या चाकांनी जायचं, एवढंच तिच्या मनाने घेतलं होतं. वडील, शंकरप्पा, नाही म्हणत नसत. ते “बघू” म्हणत. त्या घरात एखाद्या गोष्टीला “बघू” म्हटलं, की तिला मूठमाती मिळाली असं समजायचं.

या खेपेला मात्र शांतम्मा आत्या मध्ये पडली. आई लहानपणीच गेलेली, राजेश्वरीला वाढवलं ते या आत्याने. “मी जाते संगं,” ती म्हणाली. “वाटेत कूडलसंगम हाय, धर्मस्थळ हाय. माजंबी देवदर्शन हुईल.”

शंकरप्पांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, “डॉक्टर हो म्हणाले तर जा. पण ऐक राजेश्वरी. निघायच्या आधी काहीही बिघडलं, ताप म्हण, गाडी म्हण, काहीही... तर विषय बंद. कायमचा. मला पुन्हा त्या इस्पितळाच्या बाकावर बसायची ताकद नाही.”

“कबूल,” ती म्हणाली. पण तिचं शरीर शब्द पाळणारं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आणि मग सुरू झाली तयारी, म्हणजे भांडणं.

गुरुशांतने पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. ती अंघोळीला गेलेली असताना येऊन तो रिकाम्या खुर्चीची मापं घेऊन गेला. त्या मापाने त्याने दार रुंद केलं, लोखंडी रॅम्प बनवला, आणि मोठ्या ऐटीत गाडी दारात आणली. राजेश्वरी रॅम्प चढली आणि दाराच्या वरच्या पट्टीला तिचं कपाळ आपटलं.

“खुर्ची जाती की आत,” तो चाचरत म्हणाला.

“खुर्ची जाते. मी खुर्चीवर बसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?” कपाळ चोळत ती म्हणाली. “यापुढे मी नसताना माझी मापं घ्यायची नाहीत.”

“न्हाय घेत.” मग हळूच, “लागलं का वो लई?”

“लागलं.”

“चूक माजी, न् टेंगूळ तुमाला. हे काय बरोबर न्हाय.” तो एवढं मनापासून म्हणाला, की आत्या स्वयंपाकघरात फिस्सकन हसली.

दार उंच झालं, तर दुसऱ्यांदा भांडण झालं ते जागेवरून. त्याने तिची खुर्ची अडकवायची जागा मागे, पलंगाशेजारी केली होती. तिथे धक्के कमी बसतात, म्हणे. राजेश्वरीने सांगितलं, मला पुढे बसायचंय, काचेतून रस्ता दिसला पाहिजे; सामानासारखी मागे बसायला मी काय पोतं आहे? तो दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरशेजारची सीट उखडून आला.

आणि मग संडासाचा प्रश्न. प्रेमकथांमध्ये हा विषय येत नाही. पण कमरेखालचं बळ गेलेल्या माणसाच्या प्रवासात आधी हाच विषय येतो, कन्याकुमारी नंतर. राजेश्वरीने मान वर करून, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन, सगळं नीट सांगितलं. लघवीची नळी किती तासांनी लावावी लागते, दार किती रुंद लागतं, आत धरायला काय लागतं. गुरुशांत कानापर्यंत लाल झाला. पण उठला नाही. खाली बघत सगळं ऐकलं, आणि शेवटी म्हणाला, “आता कळलं. मी फोन लावतो समद्यांना.”

तो खरंच फोन लावत बसला. त्यांच्याच ओसरीवर, विजापूरपासून खालपर्यंतच्या धर्मशाळांना आणि पेट्रोल पंपांना. एके दुपारी राजेश्वरी आत काम करत होती आणि तिच्या कानावर त्याचं कन्नड पडलं. पलीकडचा माणूस बहुतेक नेहमीचंच सांगत असावा, काळजी करू नका, आमची चार पोरं उचलून नेतील. गुरुशांतचा आवाज एकदम कडक झाला. “एत्तूदु ब्याडरी! बागला एष्ट अगल ऐती, अष्ट हेळ्री.” उचलायचं नाही हो, दार किती रुंद आहे तेवढं सांगा.

राजेश्वरीचा हात माऊसवर तसाच राहिला. स्क्रीनवरच्या मोराला एक पीस जास्तीचं लागलं, ते तिने तसंच ठेवलं. माणूस कुठल्या वाक्यावर जीव टाकेल, काही सांगता येत नाही.

“तुम्ही हल्ली मला ताई म्हणत नाही,” त्या संध्याकाळी ती म्हणाली. त्याच्या पुढ्यातला चहा कधीचा निवत होता.

“व्हय...” त्याने कप दोन्ही हातांत धरला. “जमंना झालंय.”

“का?”

“चहा लई गरम हाय,” तो म्हणाला, आणि थंडगार झालेला चहा एका घोटात पिऊन निघून गेला.

डिसेंबरात, सोमवारी सकाळचा मुहूर्त आत्याने काढून आणला. डॉक्टर हो म्हणाले. बॅग भरली. आणि रविवारी दुपारी राजेश्वरीला हुडहुडी भरली.

ती ओळखीची हुडहुडी होती. लघवीचा संसर्ग. वर्षातून एक-दोनदा ठरलेला. तिने पांघरुणात दात घट्ट धरून ती लपवायचा प्रयत्न केला, पण शंकरप्पांनी येऊन कपाळावर हात ठेवला. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, गोळ्या आणल्या, आणि डॉक्टर “चार दिवस आराम, मग बघू” म्हणून गेल्यावर ते दारात उभे राहिले.

“अप्पा,” ती म्हणाली, “हा साधा ताप आहे. घरी बसले तरी येतोच.”

“आपलं काय ठरलं होतं?”

भिंतीकडे तोंड करून ती रडली. अपघातानंतरच्या सात वर्षांत पहिल्यांदा इतकी, की आत्याही घाबरली.

आणि तिथेच आत्याने डोकं चालवलं. जुनी रीत आहे. मुहूर्त साधायचा, पण माणूस निघू शकत नाही, तर त्याचं सामान मुहूर्तावर वेशीबाहेर कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामान निघालं, म्हणजे माणूस निघालाच. मग चार-पाच दिवसांत जाऊन ते उचलायचं आणि पुढे चालू पडायचं. अट एकच: ठेवलेलं सामान पुन्हा घरात आणायचं नाही.

“शंकऱ्याला काय सांगायचं ते मी सांगते,” आत्या म्हणाली. सोमवारी मुहूर्तावर तिने राजेश्वरीच्या बॅगेला कुंकू लावलं, हिरव्या खणात तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून तो खण बॅगेच्या कडीला गाठ मारून अडकवला, आणि बॅग ओळखीच्या रुद्रप्पाच्या रिक्षात ठेवून दिली. “कुंभारीला, गाडीवाल्या गुरुशांतच्या घरी. शंकरप्पाच्या लेकीची बॅग हाय म्हणायचं, ठिवून यायचं.”

रुद्रप्पा मोजकं बोलणारा माणूस. त्याने सांगितलं तेवढंच केलं. आणि घात झाला.

गुरुशांत घरी नव्हता. रॅम्पला शेवटचं वेल्डिंग मारायला गेला होता. दारात होती त्याची आई, चंद्रव्वा. गेले काही महिने लेकाच्या तोंडी आधी ‘राजेश्वरीताई’ होतं, मग ‘राजेश्वरी’ झालं, आणि हल्ली तर नाव न घेता तो नुसताच हसायचा. अशात मुलीकडून बॅग येते. वर कुंकू. हिरवा खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड! चंद्रव्वाने काय समजावं? तिने बॅगेला ओवाळलं, देव्हाऱ्यापुढे पाट मांडून त्यावर ठेवलं, आणि आळीत घरोघर साखर वाटली. सून यायच्या आधी सुनेचं सामान आलं म्हणून.

मंगळवारी दुकान उघडतंय न उघडतंय, तोच कुंभारीचं एक गिऱ्हाईक शंकरप्पांसमोर येऊन उभं राहिलं. “शेटजी, पेढे कुटायत? चोरून सोयरीक जमवली व्हय!”

दुपारी गुरुशांत त्यांच्या बैठकीत उभा होता. कुणी बस म्हटलं नव्हतं. राजेश्वरी शाल गुंडाळून दाराशी खुर्ची आणून बसली होती. अंगातला ताप उतरत होता आणि घाम फुटत होता. आत्या मान खाली घालून कोपऱ्यात.

“माज्या आईची चूक झाली, शेटजी,” गुरुशांत म्हणाला. “तिला ठावं न्हवतं. मी हात जोडतो.”

“हात जोडून काय होतंय? अख्ख्या पेठेत झालंय.” शंकरप्पांचा आवाज कापत होता. ते येरझाऱ्या घालत होते, आणि मग एकदम थांबले. “आता एकच उपाय आहे. तूच सांग. करतोस लग्न? लोकांची तोंडं तरी बंद होतील. नाहीतरी तिला दुसरं कोण...”

ते तिथेच थांबले. पण वाक्य थांबलं नाही. ते बैठकीतल्या सगळ्यांनी मनात पूर्ण केलं.

राजेश्वरीने गुरुशांतकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. जमिनीवरच्या फरशीकडे बघत होता.

“न्हाय, शेटजी,” तो म्हणाला. “आसं न्हाय करनार.”

आणि तो निघून गेला.

गंमत बघा. तो हो म्हणाला असता, तर राजेश्वरीने त्याला त्याच पावली घराबाहेर काढलं असतं. उपाय म्हणून लग्न करून घेणारी ती नव्हती. तो नाही म्हणाला, ते अगदी तिच्या मनासारखं झालं... आणि तरी तिची छाती अशी दुखली, की त्यापुढे तापाचं काही वाटेना. त्याने फोन केला नाही. तिनेही केला नाही. फोन मात्र ती उशाशी घेऊन पडून राहिली, आणि वाजला की दचकायची. आणि तो असायचा कुठल्यातरी टॉवेलवाल्याचा.

शुक्रवारी सकाळी ताप पूर्ण गेला. शंकरप्पा दुकानात निघताना म्हणाले, “संध्याकाळी जाऊन ती बॅग घेऊन येतो.”

“ठिवलेलं परस्थान माघारी आणत न्हाईत, शंकऱ्या,” आत्या म्हणाली. “आजचा दिस हाय त्याचा. आज उचलली न्हाई, तर बाद.”

“बाद तर बाद.”

ते गेले. राजेश्वरीने तोंड धुतलं, केस विंचरले, निळा कुडता घातला आणि रुद्रप्पाला फोन केला.

“राजव्वा, कुटं चाललीस?” आत्या.

“आत्या, तुमची पिशवी भरून ठेवा,” ती म्हणाली. “अप्पांना मी कुंभारीहून फोन करते.”

खुर्चीवरून रिक्षात ती आपली आपण सरकली. खुर्ची घडी करून मागे. इतक्या वर्षांत ती एकटी शहराबाहेर पहिल्यांदाच चालली होती. अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर दोन्हीकडे तुरीची शेतं लागली, थंडीचं कोवळं ऊन अंगावर आलं, आणि ती दोन्ही हातांनी दांडी धरून बसली. त्याला काय विचारायचं, हे तिने वाटेत दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं.

चंद्रव्वा तिला बघून दारातच हात जोडून उभी राहिली. “लेकी, लई मोटी चूक झाली गं माज्या हातनं. मी अडानी बाई...”

“अव्वा, तुम्ही काही वाईट केलं नाहीत. बॅगेला ओवाळलंत,” राजेश्वरी म्हणाली. “एवढा मान मला तरी कुणी दिला होता? ते कुठे आहेत?”

परसात गाडी उभी होती, आणि गुरुशांत तिच्यासमोर उकिडवा बसून पाना फिरवत होता. रॅम्प गाडीपासून काढून जमिनीवर टाकलेला होता. राजेश्वरीने खुर्ची त्याच्याजवळ नेली.

“रॅम्प का काढलात?”

तो दचकून उठला. हात पँटला पुसले. “तुमी? ताप... ताप गेला?”

“रॅम्प का काढलात?”

“दुसऱ्या गाडीला बसवून देतो. अक्कलकोटचा संगप्पा हाय, चांगला ड्रायवर हाय. त्याच्यासंगं जावा तुमी. मी बोललोय त्याला.”

“आणि तुम्ही?”

“मी न्हाय येनार.”

“का? लोक बोलतील म्हणून? का अप्पांनी लग्नाचं विचारलं म्हणून घाबरलात?” तिचा आवाज फाटला. “नाही म्हणालात ते बरोबरच केलंत. पण निदान माझ्याकडे बघून तरी म्हणायचं. मी काय तिथे नव्हते? तुम्हीही माझं माप मी नसल्यासारखंच घेतलंत!”

त्याने पाना खाली ठेवला. आणि पहिल्यांदाच तोही चिडला.

“काय म्हणायला पायजे व्हतं मी? लोकांची तोंडं गप करायला लगीन करतो म्हणू? उद्या तुमीच इचारलं आसतं, हे कुणासाठी केलं, माज्यासाठी का आळीसाठी? मला काय बी बोलता आलं नसतं. मला तुमाला इचारायचं व्हतं. तुमाला! माज्या तोंडानं. आन् तुमच्या अप्पांनी ते आदीच बाजारात मांडलं.” तो दम घ्यायला थांबला. “तुमच्याकडं बगितलं आसतं, तर मी हो म्हणून बसलो आसतो. म्हणून न्हाय बगितलं.”

परसात एक कोंबडी फिरत होती. राजेश्वरी तिच्याकडेच बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

“मग येत का नाही?” तिने हळू विचारलं.

“भ्या वाटतंय.”

“माझ्या दुखण्याचं?”

“माजंच. तुमाला ताप आला कळलं, तवा मी गाडी रस्त्याकडंला लावून बसलो. हात थरथरत व्हते. आसा ड्रायवर काय कामाचा? वाटेत तुमी जरा शिंकला, तरी मी गाडी माघारी फिरवीन. तुमच्या अप्पांवानी. मग तुमी कन्याकुमारी कवा बगनार?”

हे मात्र तिने ठरवलेल्या कुठल्याच प्रश्नात बसत नव्हतं. तिला अप्पा दिसले, दारात उभे, घाबरलेले. माया करणारी माणसंच तिची वाट अडवत आली होती. हाही अडवेल, आणि हा तर हे आधीच सांगतोय.

“गुरुशांत,” ती म्हणाली. “मला तुम्ही आवडता. हे मी अंगात ताप नसताना सांगतेय.”

त्याचं तोंड उघडं पडलं.

“पण घाबरायचं असेल तर आपापलं घाबरा. फिरवायची की नाही, ते मला विचारायचं. मी म्हटलं पुढे, तर पुढे. मी म्हटलं माघारी, तर माघारी. एवढं जमत असेल तर रॅम्प लावा. नाही जमत, तर संगप्पाचा नंबर द्या. मी आज निघणार आहे.”

मग तो खाली बसला. एक बोल्ट उचलला. हातातून पडला. पुन्हा उचलला.

“पाना द्या जरा,” तो खाली बघत म्हणाला. “तुमच्या चाकापाशी पडलाय.”

बोलल्याप्रमाणे तिने अप्पांना फोन करून सांगितलं, मी निघतेय; रॅम्प पुन्हा बसला तेव्हा दुकानाची गाडी येऊन परसाबाहेर थांबली. पुढे शंकरप्पा, मागे पिशव्या सांभाळत आत्या. वडील उतरले ते थेट तिच्याकडे आले नाहीत. ते रॅम्पवर चढले. वजनदार माणूस; मधोमध उभे राहून त्यांनी दोनदा उड्या मारल्या. रॅम्प हलला नाही.

“त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं ते...” ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

“ते मी ऐकलं, अप्पा. पुन्हा जाऊ देऊ नका.”

“नाही जाणार.” त्यांनी खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून तिच्या मांडीवर ठेवली. “मला भीती वाटते गं.”

“मलाही वाटते,” ती म्हणाली. “मी तरी निघते.”

ते मागे वळले आणि गुरुशांतसमोर जाऊन उभे राहिले. “रोज संध्याकाळी फोन पाहिजे.”

“करतो, शेटजी.”

चंद्रव्वाने देव्हाऱ्यापुढची बॅग स्वतः आणून गाडीत ठेवली. राजेश्वरी रॅम्प चढली, आपली आपण, आणि ड्रायव्हरशेजारी तिची खुर्ची खटकन अडकली. गाडी हलली. शंकरप्पा हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभे होते, आणि आरशात दिसत होते तोवर ती बघत राहिली.

विजापूर रस्ता लागला. मागे आत्या पलंगावर मांडी घालून नामस्मरण करत होती. गुरुशांतने स्टिअरिंग असं आवळून धरलेलं, की बोटं पांढरी पडली होती.

“तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं म्हणे मला,” राजेश्वरी समोर बघत म्हणाली.

“हितं? आत्याच्या म्होरं?”

“इथे नको. कन्याकुमारीला पोचल्यावर विचारा.”

गुरुशांतने मागचा एक ट्रक पुढे जाऊ दिला.

“आन् तितं तुमी न्हाय म्हणाला तर?”

“तर काय? परतीचा रस्ताही तेवढाच लांब आहे. रोज विचारत या.”

ती थट्टा करत होती. पण तिने वळून पाहिलं, तर त्याने थट्टा ऐकलीच नव्हती. समोर बघत होता, जबडा घट्ट, आणि एवढा मोठा माणूस परीक्षेच्या निकालाला उभा असावा तसा. तिला त्याचं फार वाईट वाटलं. असं कुणाला टांगून ठेवायचं, आणि तेही ज्याच्यावर जीव जडलाय त्याला?

“मी हो म्हणणार आहे,” ती म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते.”

गुरुशांतने गाडी कडेला घेतली आणि बाभळीखाली उभी केली.

“काय झालं रं?” मागून आत्या.

“काय न्हाय आत्या... जरा म्होरचं दिसंना झालंय.” त्याने बाहीने डोळे पुसले. पुन्हा पुसले. मग गिअरवर हात ठेवला आणि राजेश्वरीकडे बघितलं, यावेळी नीट, डोळे भरून.

“निगू?” त्याने विचारलं.

“निघा,” ती म्हणाली.